आज रात्री बाळ कुठे झोपणार?

दारू पिऊन किंवा कसली नशा करून तान्ह्या बाळाला कुशीत घेऊन झोपणाऱ्या आईबापांना शिक्षा झालीच पाहिजे, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. मी ते मनात ठेवलं नव्हतं. सहकाऱ्यांशी वाद घालताना, नव्याने कामाला लागलेल्या मुलींना शिकवताना मी ते बोलून दाखवत असे. आज ते माझं मत राहिलेलं नाही. ते कशाने बदललं आणि त्यातलं काय अजून तसंच आहे, हे मराठीत लिहावंसं वाटलं, कारण ज्या घरांत मी वाढले त्या घरांत या विषयाचा उच्चारही होत नाही.

मी पुण्यात नर्सिंग शिकले, लग्नानंतर न्यूझीलंडला आले आणि नोकरीचा मोठा काळ दक्षिण ऑकलंडमध्ये घरोघरी जाऊन तान्ही बाळं बघण्यात गेला. वजन करायचं, दूध नीट ओढतंय ना ते बघायचं, लसींची आठवण द्यायची, आईची विचारपूस करायची. आणि एक प्रश्न हमखास असायचा : बाळ रात्री कुठे झोपतं? त्या देशात हा प्रश्न सहज विचारला जात नाही. रात्री हसतंखेळतं बाळ झोपवलं आणि सकाळी ते उठलंच नाही, अशा मृत्यूंचा तिथे मोठा इतिहास आहे. तिथे त्याला सगळे ‘सुडी’ म्हणतात. म्हणजे अर्भकाचा अचानक, अनपेक्षित मृत्यू.

या मृत्यूंना एकच एक कारण नसतं. फिलियानो आणि किनी या अमेरिकी डॉक्टरांनी १९९४ साली मांडलेली तीन गोष्टींची जोडणी मला आजही सगळ्यात पटते. पहिली, बाळ मुळातच नाजूक असतं : अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं, किंवा पोटात असताना ज्याच्यापर्यंत निकोटिन पोहोचलं आहे असं. दुसरी, वय : दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान धोका सर्वांत जास्त, आणि बहुतेक मृत्यू सहा महिन्यांच्या आतले. तिसरी, बाहेरून आलेला ताण : पालथी झोप, तोंडावर आलेलं पांघरूण, फार मऊ गादी, मोठ्या माणसाच्या अंगाचा दाब. श्वास कोंडू लागला की निरोगी बाळ मान वळवतं, हातपाय झाडतं, रडतं. आईने गरोदरपणात धूम्रपान केलं असेल तर बाळाची ही जागं होण्याची शक्ती मंदावते. शेजारी झोपलेली आई शुद्धीत असेल तर बाळाच्या एवढ्याशा हालचालीनेही तिची झोप चाळवते. पण दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, अफूच्या जातीची वेदनाशामकं यांनी तिचीही ती शक्ती जाते. दोघांपैकी एकाला तरी जाग यायला हवी असते, आणि अशा रात्री ती कुणालाच येत नाही.

हे सगळं मी शिकले ते नंतर. सुरुवातीला तर मला गोऱ्या लोकांची ही भीती अतिरेकी वाटायची. बाळ आईजवळ झोपलं तर मरेल, हे मला कसं पटावं? मी आईच्या कुशीत वाढले, माझी भावंडं वाढली, शेजारच्या चाळीतली सगळी मुलं वाढली. पाळणा दिवसा, रात्री आईची कूस, हीच आमची रीत. आपली पद्धत नैसर्गिक आणि त्यांची कोरडी, असा एक अभिमान मी सोबत घेऊन आले होते.

तो अभिमान एका घटनेने मोडला. मी ज्या घरी जात असे, तिथलं एक बाळ गेलं. घरात पाहुणे होते, उशिरापर्यंत बसणं झालं होतं. आईला जरा झोप मिळावी म्हणून वडिलांनी बाळाला छातीवर घेतलं आणि ते सोफ्यावर आडवे झाले. ते प्यायलेले होते. त्या बाळाचं वजन मी केलं होतं, त्याच्या मांडीला लस टोचली होती. मला त्या माणसाचा इतका राग आला की त्याच्या दुःखाकडे मला बघवेना. त्या दिवसापासून मी दुसऱ्या टोकाला गेले. बाळाला मोठ्यांच्या अंथरुणात घेणं म्हणजे गुन्हा, आणि नशेत घेणं म्हणजे खून, अशी माझी भाषा झाली.

माझ्या बाजूने पुरावे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी शहराचे पोलीस सर्जन चार्ल्स टेम्पलमन यांनी १८९२ साली मोठ्यांच्या अंथरुणात गुदमरून गेलेल्या २५८ बाळांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. हे मृत्यू शनिवारच्या रात्री जास्त होत, कारण शनिवारी पगार होई आणि पगाराच्या रात्री दारू होई. इंग्लंडने १९०८ च्या बालकायद्यात हा गुन्हाच ठरवला : प्यायलेल्या अवस्थेत अंथरुणावर गेलेल्या मोठ्या माणसाशेजारी तीन वर्षांखालचं मूल गुदमरून मेलं, तर ती हेळसांड मानावी. २०१५ साली या तरतुदीत बेकायदा मादक पदार्थांची भर पडली, आणि अंथरुणाबरोबर सोफा वगैरेही आले. असाच कायदा आमच्याकडेही हवा, असं मी म्हणत असे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या आरोग्य खात्याने २०११ साली एक जाहिरात काढली होती. मोठ्यांच्या पलंगावर बाळ झोपलेलं आणि त्याच्या शेजारी मोठा सुरा. त्यावर खूप टीका झाली. मला मात्र ती जाहिरात आवडली होती. लोकांना धक्का बसल्याशिवाय कळत नाही, असं माझं म्हणणं होतं.

या मताला पहिला तडा आकड्यांनी पाडला, आणि तोही मी आकडे माझ्या बाजूचे समजून वाचायला घेतले तेव्हा. ब्रिस्टॉल विद्यापीठाच्या पीटर ब्लेअर आणि पीटर फ्लेमिंग यांनी इंग्लंडच्या नैऋत्य भागात केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. कारण न सापडलेल्या अशा मृत्यूंपैकी ५४ टक्के बाळं कुणाच्या तरी शेजारी झोपलेली असताना गेली होती. तुलनेसाठी घेतलेल्या जिवंत बाळांत हे प्रमाण २० टक्के होतं. इथपर्यंत माझं म्हणणं खरं ठरत होतं. पण पुढे त्यांनी हा फरक उलगडून पाहिला, आणि त्यातला मोठा वाटा दोन गोष्टींनी उचलला. एक, शेजारी झोपलेल्या मोठ्या माणसाने नुकतीच दारू किंवा नशा केलेली असणं : मृत बाळांत ३१ टक्के, इतरांत ३ टक्के. दुसरी, सोफ्यावर झोपणं : मृत बाळांत १७ टक्के, इतरांत १ टक्का. याच संशोधकांनी इंग्लंडमधल्या दोन अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१४ साली आणखी स्पष्ट आकडे मांडले. दोन युनिटपेक्षा जास्त दारू प्यायलेल्या पालकाशेजारी झोपलेल्या बाळाचा धोका सुमारे १८ पट. दोन युनिट म्हणजे आपल्याकडचे जेमतेम दीड छोटे पेग. आणि सोफ्यावर झोपण्याचा धोकाही तितकाच, सुमारे १८ पट.

त्या सोफ्याच्या आकड्यापाशी मी अडकले. कारण बाळाला पलंगावर घेऊच नका, असं मीच दारोदार सांगत होते. रात्री तीनदा उठणारी बाई मग काय करत होती? पलंगावर दूध पाजलं आणि डोळा लागला तर नर्स ओरडेल, म्हणून ती बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसून पाजत होती. थकलेल्या माणसाला झोप कुठेही लागते. म्हणजे माझ्या धाकामुळे ती जास्त धोक्याच्या जागी जाऊन बसत होती. हे माझ्या भागातल्या आयांनीच मला सांगितलं, पण मी विचारायची पद्धत बदलल्यावर. त्याआधी त्या मला कोपऱ्यातलं बॅसिनेट, म्हणजे बाळाचा छोटा पाळणा, दाखवत आणि म्हणत, ‘तो इथेच झोपतो.’ बॅसिनेटमध्ये घडी घातलेले कपडे रचलेले असत. त्यांना ठाऊक असे की मला दिसलंय, मला ठाऊक असे की त्यांनाही कळलंय. आम्ही दोघी गप्प बसत असू आणि मी कागदावर खूण करून पुढच्या घरी जात असे.

नशेच्या बाबतीत ही लपवाछपवी आणखी खोल जाते. व्यसनमुक्तीचं औषध घेणारी एखादी आई मला कधी खरं सांगेल? तिला माहीत असतं की एक वाक्य चुकलं तर मूल हातून जाईल. अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहरात एका सरकारी रुग्णालयाने गरोदर बायकांची लघवी कोकेनसाठी तपासून निकाल पोलिसांना दिले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली असं परवानगीविना करणं घटनाबाह्य ठरवलं. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं हेच आहे, की शिक्षेच्या भीतीने बायका तपासणीलाच येईनाशा होतात. व्यसन असलेल्या बाईला दवाखान्यापासून तोडलं, की तिच्या बाळाला जी काही मदत मिळू शकली असती तीही तुटते.

दुसरा तडा मला जास्त लागला, कारण तो माझ्याच पेशाबद्दल होता. साधारण १९५० ते १९९० या काळात पाश्चात्त्य देशांतले डॉक्टर आणि नर्सेस बाळाला पालथं झोपवा असं सांगत. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या घरोघरी पोहोचलेल्या पुस्तकातही हा सल्ला होता. न्यूझीलंडमध्ये एड मिचेल यांच्या गटाने १९८७ ते १९९० या काळात केलेल्या मोठ्या अभ्यासातून पालथी झोप, धूम्रपान आणि अंगावर न पाजणं हे तीन धोके स्वच्छ पुढे आले. १९९१ साली ‘पालथं झोपवू नका’ ही मोहीम सुरू झाली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. पुढे २००५ साली रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास पुन्हा तपासले आणि दाखवून दिलं, की पालथ्या झोपेचा धोका १९७० सालीच कळण्याजोगा होता. तेव्हाच सल्ला बदलला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचू शकली असती. हा आकडा मी वाचला तेव्हा माझ्या मनात आलं : आमच्या शब्दाखातर ज्या आयांनी बाळं पालथी झोपवली आणि गमावली, त्यांच्यासाठी आमच्यापैकी कुणाला पोलिसांनी नेलं? आम्हाला कुणी खुनी म्हटलं नाही. माहिती आली, सल्ला बदलला, आम्ही पुढे गेलो. दोन बिअर पिऊन सोफ्यावर आडव्या झालेल्या, दमलेल्या बापाला मात्र मी ती सवलत देत नव्हते.

तरीही शिक्षा नको, तर काय हवं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मला माओरी लोकांकडून मिळालं.

१९९१ च्या मोहिमेचा फायदा सगळ्यांना सारखा झाला नव्हता. माओरी बाळांचे मृत्यू तितके उतरले नाहीत. तंबाखू आणि दारू या दोन्ही गोष्टी माओरींकडे युरोपियनांच्या जहाजांतून आल्या. त्याआधी त्या समाजात दोन्ही नव्हत्या. जमिनी गेल्या, शहरातली छोटी घरं आली, आणि त्याबरोबर व्यसनं रुजली. गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या माओरी बायकांचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त राहिलं. दुसरीकडे बाळाला आपल्याजवळ घेऊन झोपणं ही त्यांची आपल्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, हे मिचेल यांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात दिसतं : गरोदरपणी धूम्रपान आणि नंतर बाळाबरोबर एकाच अंथरुणात झोपणं, या जोडीचा धोका दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत जवळजवळ ३३ पट.

माओरी डॉक्टर डेव्हिड टिपेने-लीच हे अनेक वर्षं या मृत्यूंविरुद्ध काम करत होते. ‘बाळाला जवळ घेऊ नका’ हे त्यांच्या लोकांना नुसतं सांगून भागत नाही, हे त्यांनी ओळखलं. २००५-०६ च्या सुमारास त्यांनी विणकर स्त्रियांना सोबत घेतलं आणि हाराकेके नावाच्या तिथल्या लांब पानांच्या झुडपापासून बाळाच्या मापाची सपाट तळाची टोपली विणून घेतली. तिचं नाव वाहाकुरा. ही टोपली आईबापांच्या अंथरुणातच ठेवायची. बाळ हाताच्या अंतरावर, आईच्या वासात, पण त्याची जागा त्याची. कुणाचा हात, उशी, पांघरूण त्याच्यावर येत नाही. २०११ साली ख्राइस्टचर्चला भूकंप झाला आणि घरं मोडलेली कुटुंबं मिळेल त्या जागी दाटीवाटीने झोपू लागली, तेव्हा स्टेफनी कॉवन यांनी याच कल्पनेवर प्लास्टिकच्या खोक्याचा ‘पेपी-पॉड’ वाटला.

मला आधी ही तडजोड वाटली. आपण हरलो म्हणून टोपल्या वाटतोय, असं मी एका बैठकीत बोललेही. मग वाहाकुरा विणायच्या एका मेळाव्याला मला जावं लागलं. गरोदर मुली, त्यांच्या आज्या, मावश्या जमिनीवर बसून पानं चिरत होत्या. विणता विणता बोलणं निघत होतं. कोण सिगारेट सोडायचा प्रयत्न करतंय, कुणाचा नवरा शुक्रवारी पिऊन येतो, कुणी स्वतः गांजा ओढते. हे सगळं मला घरभेटींत कधीच कळलं नव्हतं. एक वयस्कर माओरी नर्स कुणालाही ‘बाळ कुठे झोपतं?’ असं विचारत नव्हती. ती विचारत होती, ‘आज रात्री बाळ कुठे झोपणार? आणि बेत बिघडला तर? घरी पार्टी झाली, तू प्यायलीस, तर त्या रात्री बाळ कुणाकडे?’ या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायची गरजच पडत नव्हती, कारण त्यात आरोप नव्हता. मुली खरं सांगत होत्या आणि तिथल्या तिथे आजी म्हणत होती, ‘त्या रात्री माझ्याकडे आण.’

याचा उपयोग झाला का? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०० आयांना, बहुतांशी माओरी, वाहाकुरा किंवा बॅसिनेट दिलं गेलं. वाहाकुरामुळे बाळांचे धोके वाढले नाहीत, आणि सहा महिन्यांच्या वयाला पूर्णपणे अंगावर पिणाऱ्या बाळांचं प्रमाण बॅसिनेटवाल्या गटाच्या दुपटीच्या आसपास निघालं. २००९ ते २०१५ या काळात न्यूझीलंडमध्ये पहिल्या आठवड्यानंतरचे बालमृत्यू २९ टक्क्यांनी उतरले, आणि हा उतार मुख्यतः माओरी बाळांत होता. सगळं श्रेय टोपलीला देता येणार नाही. धूम्रपान सोडवण्याची कामंही सोबत चालू होती. पण १९०८ चा इंग्लंडचा कायदा होऊन शंभर वर्षं झाल्यावरही ब्रिस्टॉलचे संशोधक दारूच्या अंथरुणातले मृत्यू मोजत होते, हे मी त्याच्या शेजारी ठेवून पाहिलं. माझं मत तिथे बदललं.

काय बदललं नाही, तेही सांगते. दारू, नशा, झोपेचं औषध घेतलेल्या माणसाने त्या रात्री बाळाशेजारी झोपायचं नाही, हे मी आजही तितक्याच कडकपणे सांगते. सोफ्यावर कधीच नाही. अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ मोठ्यांच्या अंथरुणात नाही. आई धूम्रपान करत असेल तर नाही. निरोगी बाळ, अंगावर पाजणारी निर्व्यसनी आई आणि घट्ट गादी असेल तर काय, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. ब्लेअर यांना त्यात वेगळा धोका दिसला नाही. कार्पेंटर या संशोधकांच्या २०१३ च्या विश्लेषणात पहिल्या तीन महिन्यांत तो पाचपट दिसला. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्येही सांगितलं आहे, की बाळ आईच्या खोलीत असावं, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर. मीही हेच सुचवते. फक्त न जमणाऱ्या बाईला आता मी दोषी ठरवत नाही.

आणि माझा तो जुना अभिमान? त्यातलंही थोडं खरं निघालं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये पाकिस्तानी कुटुंबांत बाळं आईजवळ जास्त झोपतात, तरी असे मृत्यू गोऱ्या कुटुंबांपेक्षा कमी होतात. हेलन बॉल यांच्या अभ्यासात याचा उलगडा दिसतो : त्या आया सिगारेट ओढत नाहीत, दारू पीत नाहीत, बाळाला घेऊन सोफ्यावर झोपत नाहीत. म्हणजे आमच्या चाळीतली बाळं वाचली ती आमच्या आया शुद्धीत होत्या म्हणून. ती अट आज आपल्या किती घरांत पाळली जाते?

दरवर्षी मी महाराष्ट्रात येते तेव्हा हा प्रश्न घेऊन येते. दहा बाय दहाच्या खोलीत बाळंतीण, बाळ आणि रात्री पिऊन आलेला नवरा एकाच गादीवर असतात. आपल्याकडे बायकांची तंबाखू बहुतेक बिनधुराची असते : मशेरी, गुटखा, चुन्याबरोबरची चिमूट. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. अशी तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची होती आणि दिवस पुरे होण्याआधी जन्मण्याचं प्रमाणही जास्त होतं. नेमकी हीच बाळं झोपेत जास्त नाजूक. त्यात भर म्हणून मोहरीची उशी, डोक्यावरून घेतलेलं दुपटं, मान छातीला टेकवणारी झोळी, बंद खोलीतली शेगडी. बाळाला सांभाळणारी आजी झोपेची गोळी घेत असेल, सर्दीखोकल्याचं गुंगी आणणारं औषध घेत असेल, तर ती गोष्टसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही. आणि असं बाळ गेलं तर घरचे म्हणतात, दूध श्वासात गेलं असेल, नाहीतर नशीब. शवविच्छेदन क्वचितच होतं. त्यामुळे आपल्याकडे हे मृत्यू फारसे मोजलेच जात नाहीत.

शिक्षेने काय होतं आणि सोयीने काय होतं, याचा धडा आपल्या मुंबईतच आहे. १९२० च्या दशकात गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देऊन झोपवत आणि पाळीला जात. त्या काळच्या सरकारी अहवालांत याची नोंद आहे. त्या बायकांना दुष्ट म्हणणं सोपं होतं. पण बाळ कुणाकडे ठेवायचं आणि पगार बुडवून खायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावरचं खरं उत्तर म्हणजे पाळणाघरं आणि बाळंतपणाची पगारी रजा. १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला.

आपल्याकडे पाया तयार आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली, आणि त्याच वाटेने आज देशभर आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी देतात. त्याच गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ दारू-तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करतं. ही दोन्ही कामं बाळाच्या अंथरुणापाशी एकत्र यावीत. महाराष्ट्र सरकारने २०१९ साली पहिल्या बाळासाठी बेबी केअर किट द्यायला सुरुवात केली. त्यात छोटी गादी आणि मच्छरदाणी होती. त्या किटबरोबर बुरुडांकडून विणून घेतलेली, सपाट तळाची, गुळगुळीत काठाची टोपली का देऊ नये? नवजात बाळाला सुपात ठेवण्याची रीत आपल्या कितीतरी घरांत आहे. ही टोपली आधी थोड्या गावांत नीट तपासून बघावी, मग वाटावी.

तोवर जे प्रत्येक घरात आजपासून करता येईल, ते एवढंच. बाळाला उताणं झोपवा. उशी नको, तोंडावर काही नको, खोलीत धूर नको. आशाताईंनी, आजीने, मावशीने संध्याकाळीच विचारावं : आज रात्री बाळ कुठे झोपणार, शेजारी कोण झोपणार, आणि त्या माणसाने काही घेतलं आहे का? ज्याने घेतलं असेल त्याने दुसऱ्या अंथरुणावर जावं. आणि ‘आज मी घेतली आहे, बाळाला तुम्ही ठेवा,’ असं जो स्वतःहून म्हणेल, त्याला त्या रात्री कुणीही टोचून बोलू नये. ते एक वाक्य घरात मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे. बाळ त्याने वाचतं.